पाय टेकले पाहिजेत, हे कुणी सांगितलं?

दिवाळीत भाचा पुण्याहून चिखलीला आला. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून त्याने आधी बॅग उतरवली, मग चाकं काढलेली एक सायकल, आणि मग लंगडत स्वतः उतरला. उजवा गुडघा दुखत होता. सायकल त्याने बालेवाडीच्या ट्रॅकवर सराव करणाऱ्या एका मुलाकडून जुनीच घेतलेली. ब्रेक नाहीत, गिअर नाहीत, घंटी नाही, स्टँड नाही.

चाकं बसवायला आम्ही ती आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मागचं चाक बसवून उचलून फिरवलं, तर चाकाबरोबर पायडलंही गरगर फिरायला लागली. मिस्त्रींनी मान हलवली. "फ्रीव्हील जाम झालं भाऊ हिचं."

जाम झालेलं नव्हतं, नव्हतंच. ट्रॅकच्या सायकलीत मागची दातेरी चकती थेट हबवर घट्ट बसवलेली असते. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. उतारावर पाय सोडून बसायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पायडलांना उलटा दाब द्यायचा, एवढाच ब्रेक. बालेवाडीच्या ट्रॅकवर ते चालतं, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जात असतात आणि समोरून ट्रॅक्टर येत नाही. भाचा म्हणाला, "मामा, राजूर घाटातून मलकापूरकडे उतरून बघू का?" त्याला मी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

चालत्या सायकलीवर यात काही बदलता येत नाही, म्हणून जे ठरवायचं ते बसण्याआधी, पान्याने. सीट किती वर, किती मागे, क्रँक किती लांब, हँडल किती खाली, पुढच्या चकतीला किती दात, मागच्या किती. रस्त्यावरचा सायकलस्वार जरा अवघडला तर उभा राहतो, पाय थांबवतो, गिअर बदलतो. ट्रॅकवर चुकीच्या मापाची सीट मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा त्याच जागी टोचते.

गुडघ्याचं कारण सापडायला फार वेळ लागला नाही. भाच्याने सीट आपल्याकडच्या रीतीने लावली होती: बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आपल्या घाटावर काय आणि घाटाखाली काय, सायकल विकत घेताना दुकानदार हेच पाहतो. त्याआधीचं शिक्षण तर याहून वाईट. आमच्या पिढीने सायकल शिकली ती वडिलांच्या काळ्या बावीस इंचीवर, दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. अंग वाकडं करून सायकलीला जुळवून घ्यायचं, हीच सवय. पण ट्रॅकवर पाय टेकायची वेळच येत नाही. सुरुवातीला मागून कुणीतरी धरतं किंवा यंत्रात चाक अडकवलेलं असतं, आणि थांबताना कठड्याला हात लावायचा. मग सीटची उंची जमिनीवरून कशाला ठरवायची? ती पायडलावरून ठरते.

सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो. दुमडलेल्या गुडघ्यावर जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. खोल बैठका मारणाऱ्याला हे सांगायला नको. सीट फार वर असली तर उलटा त्रास: पाय खाली पोचावा म्हणून कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि गुडघ्याच्या मागची शीर ताणते. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा पूर्ण सरळ नसावा, पंचवीस ते पस्तीस अंशांचा वाक राहावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

अंश मोजायचं साधन घरात नव्हतं. भिंत होती, मुलीची पट्टी होती आणि हिशेबाची जाड वही होती. भाच्याला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं केलं, वही दोन मांड्यांमध्ये सीटसारखी घट्ट वर सरकवली आणि वहीच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजलं. ८२ सेंटिमीटर.

या आकड्यावरून सीटची उंची काढायचे दोन जुने हिशेब आहेत. पहिला फ्रान्समधल्या रेसिंगच्या जगातून आला आणि अमेरिकन विजेता ग्रेग लेमाँडच्या नावाने प्रसिद्ध झाला: पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणा. येईल ते क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. भाच्यासाठी ७२.४ सेंटिमीटर. दुसरा ब्रिटनमधल्या हॅम्ली आणि थॉमस यांच्या १९६७ च्या अभ्यासातला. त्यात मोजतात ते पायडल तळाशी असताना पायडलच्या आसापासून सीटपर्यंत, आणि ते पायाच्या मापाच्या १०९ टक्के हवं. म्हणजे ८९.४. क्रँक १७० मिलिमीटरची असेल तर ८९.४ मधून १७ वजा करून पुन्हा ७२.४ च येतात. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले हिशेब एकाच फाट्यावर भेटले की मला शाळकरी आनंद होतो.

पण भाच्याच्या क्रँकवर १६५ कोरलेलं होतं. ट्रॅकवर आखूड क्रँक नेहमीची, कारण पाय वेगाने फिरवायचा तर वर्तुळ लहान बरं, आणि तिरक्या वळणावर हळू जाताना आतलं पायडल ट्रॅकला घासण्याची भीती कमी. क्रँक पाच मिलिमीटर आखूड, म्हणजे पायडल तळाशी तेवढंच वर राहणार. सीट तेवढीच वर घ्यायला हवी. ७२.९. त्याची सीट होती ६९.५ वर. जवळपास साडेतीन सेंटिमीटर खाली.

एकदम वर घेतली नाही. रोज पाच मिलिमीटर, आणि प्रत्येक वेळी सीटच्या नळीवर काळ्या चिकटपट्टीची खूण. शरीराला नवं माप पटायला दिवस लागतात, आणि सूत्र हे आरंभाचं ठिकाण आहे. पाऊल टाच खाली ठेवून चालतं की बोटांवर, बुटाचा तळ किती जाड, यावर शेवटचे काही मिलिमीटर ठरतात.

सीट पुढे की मागे, यासाठी मिस्त्रींनी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा आणला. क्रँक आडव्या ठेवायच्या, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरी सोडायची, आणि ओळंबा पायडलच्या आसावर यायला हवा, अशी जुनी पद्धत. मिस्त्रींना ती फार आवडली. मला तिच्याबद्दल शंका आहे, आणि अमेरिकन सायकल-रचनाकार कीथ बाँट्रेगर यांनी तर तिला सरळ भाकडकथा म्हटलं होतं: पाय पायडल ढकलतो ते स्नायूंच्या जोरावर, त्यात पृथ्वी गुडघ्याला कुठल्या रेषेत ओढते याचा काय संबंध? सीट मागे-पुढे केल्याने खरा बदलतो तो तोल, धड किती पुढे झुकेल आणि हातांवर किती भार येईल. ट्रॅकवरचे स्प्रिंटर या ओळंब्याच्या बरेच पुढे बसतात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

हातांवरचा भार हा ट्रॅकवर गमतीचा विषय नाही. सैलानीच्या यात्रेत मौत का कुआं पाहिला असेल, तर अर्धं गणित तुम्हाला ठाऊक आहे. ऑलिंपिकच्या मापाचा ट्रॅक २५० मीटरचा असतो आणि वळणावर तो चाळीस अंशांहून जास्त उभा होतो. वळणाची त्रिज्या ढोबळमानाने २२ मीटर धरा आणि वेग ताशी ६० किलोमीटर. गणित सांगतं की सायकल उभ्या रेषेपासून ५२ अंश कलणार आणि स्वाराचं वजन १.६ पट भासणार. ६५ किलोचा मुलगा शंभर किलोच्या वर जातो, तोही दर साडेसात सेकंदांनी, कारण पंधरा सेकंदांच्या फेरीत दोन वळणं. अंगणात सीटचं नाक किंचित खाली झुकलेलं छान वाटतं. वळणावर तेच नाक स्वाराला पुढे घसरवतं आणि मनगटं शंभर किलोचा हिशेब मागतात.

बुलढाणा जिल्ह्यात असा ट्रॅक नाही. राज्यात सायकलपटू जातात ते पुण्याला, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलात. तरीही २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रॅकवर उतरलेल्यांत मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे या दोघी आपल्या विदर्भातल्या होत्या.

चेनच्या बाबतीत मात्र मिस्त्री गुरू ठरले. मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती ट्रॅकच्या सायकलीत मागे उघडी आणि आडवी असते. चाक मागे ओढून चेन ताणायची. भाचा चेन सतारीच्या तारेसारखी ताणत होता. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. पायडल हळूहळू फिरवत दर दोन-तीन दातांनी चेन बोटाने वर-खाली करून पाहिली. कुठलीही चकती पुरती गोल नसते, त्यामुळे एका जागी चेन कसते, दुसऱ्या जागी सैल पडते. जिथे सगळ्यात कसलेली, तिथे अर्धा इंच हलली पाहिजे, हे त्यांचं माप. त्याहून घट्ट केली तर छर्रे आणि चकती झिजतात. फार ढिली राहिली तर वेगात उतरते, आणि या सायकलीत चेन उतरली की होता तो ब्रेकही गेला. चकतीवरची कुलूप-रिंग उलट्या आट्यांची असते, हे सांगायची मला हौस होती. मिस्त्री म्हणाले, "डाव्या पायडलासारखीच ना?" आणि पाना बरोबर दिशेला लावला. कारणही जवळपास तेच: उलटा दाब देताना चकती सुटायला बघते, आणि रिंग त्याच वेळी आवळली जाते.

दातांचा हिशेब सोपा. पुढे ४८, मागे १६, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाच्या तीन. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, एका फेरीत ६.३ मीटर. ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला १५९ फेऱ्या. मिस्त्रींच्या दुकानातल्या काळ्या सायकलीचे दात मोजले तर ४४ आणि १८ भरले. तिचं चाक जरा मोठं, तरी तिच्यावर तोच वेग गाठायला मिनिटाला सुमारे १८५ फेऱ्या लागतील, आणि दुधाच्या किटल्या वेगळ्या.

एवढं मोजूनही मोठा मामला राहतोच: हवा. या वेगाला स्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि त्या हवेला अडतं ते प्रामुख्याने अंग, सायकल नव्हे. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने हे घरी बनवलेल्या सायकलीवर दाखवलं. दोन पायडलांमधलं अंतर कमी करायला त्याने वॉशिंग मशीनचे बेअरिंग वापरले, गुडघे अडू नयेत म्हणून वरचा दांडाच ठेवला नाही, आणि हात छातीखाली दुमडून बसला. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामार इथे तासाच्या विक्रमाचा पहिला प्रयत्न त्याने सायकलीच्या व्यावसायिकरीत्या बनवलेल्या प्रतिकृतीवर केला, आणि तो फसला. दुसऱ्या सकाळी आपल्या अंगवळणी पडलेल्या मूळ सायकलीवर बसून त्याने तासात ५१.५९६ किलोमीटर कापले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने ती बैठक बंद केली.

क्रिस बोर्डमनची गोष्ट तर आकड्यांतच आहे. १९९६ मध्ये हात पुढे लांब पसरून त्याने तासात ५६.३७५ किलोमीटर मारले. ती बैठकही बाद झाली, आणि २००० मध्ये जुन्या घडणीच्या सायकलीवर, साध्या हँडलला धरून तो पुन्हा तासभर झटला: ४९.४४१. एडी मर्क्सच्या १९७२ च्या विक्रमापेक्षा फक्त दहा मीटर जास्त. मधल्या काळात त्याचं वय चार वर्षांनी वाढलं होतं, हे खरं. पण हवेविरुद्धची ताकद वेगाच्या घनाने वाढते. एकाच बैठकीत ४९ वरून ५६ वर जायला जवळपास दीडपट ताकद लागली असती. चार वर्षांत कुणी एवढा ढासळत नाही. उरलेला हिशेब बैठकीचा आणि सायकलीचा.

भाच्याने हे ऐकून हँडल लगेच चार बोटं खाली घ्यायचं ठरवलं. त्याला म्हटलं, आधी वाकून पायाचे अंगठे धरून दाखव. गुडघ्याखाली कुठेतरी हात थांबले. हँडल आहे तिथेच राहिलं. जी बैठक शेवटच्या फेरीपर्यंत टिकत नाही, तिचा हवेला काय फायदा?

जायच्या दिवशी सीट ७२.५ वर होती आणि जिना उतरताना तो कठड्याला धरत नव्हता. उरलेले चार मिलिमीटर पुण्यात घेतो म्हणाला.

त्याची ट्रॅव्हल्स सुटल्यावर मी माझी जुनी सायकल घेऊन मिस्त्रींकडे गेलो. पायाचं माप ७९, सूत्राने ६९.८. सीट निघाली ६४ वर. बोल्ट गंजलेला, तेल सोडून अर्धा तास थांबावं लागलं. मिस्त्रींनी सीट वर ओढली, मला बसायला लावलं आणि दोन्ही बाजूंनी वाकून माझे पाय पाहिले. ते जमिनीपासून चांगले अधांतरी होते.

"पडसान भाऊ," ते म्हणाले, आणि बोल्ट आवळला.