बुडी मारल्यावर घाट कधी चढायचा?

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून मालवणला स्कूबासाठी जाणाऱ्यांचा बेत बहुधा एकाच साच्याचा असतो. पहाटे निघायचं, शिनोळी, नागनवाडी, आंबोली करत घाट उतरायचा, सावंतवाडीत नाष्टा, अकराच्या आत मालवण, बुडी, मासळीचं जेवण, होडीतून सिंधुदुर्ग किल्ला आणि रात्री घरी. एका बाजूचं अंतर साधारण दीडशे किलोमीटर, म्हणून एका दिवसात हे बसतं. पण या बेतातला शेवटचा टप्पा, म्हणजे त्याच संध्याकाळी घाट चढून वर येणं, कोणी फारसा विचारात घेत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो प्रश्नच नाही, आपल्याला आहे. तो का आहे हे कळायला आधी पाण्याखाली शरीराचं काय होतं ते पाहावं लागेल.

सुरुवात घरूनच करू. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली येळ्ळुरात झाकण घट्ट लावून गाडीत ठेवा. मालवणला पोहोचेपर्यंत तिचं पोट आत गेलेलं दिसेल. बेळगाव परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे डोक्यावरची हवा किनाऱ्याच्या मानाने कमी, त्यामुळे तिचा दाबही आठ-नऊ टक्के कमी. बाटलीत आपण ही हलकी हवा कोंडून नेतो आणि खालची जड हवा तिला बाहेरून चेपते. उतरताना कानाला दडे बसतात तेही याचमुळे.

आता समुद्रात शिरू. पाणी हवेपेक्षा आठशे पट जड. येळ्ळूर ते मालवण उतरताना दाबात जेवढा फरक पडतो, तेवढा पडायला पाण्यात मीटरभरसुद्धा खोल जावं लागत नाही. दहा मीटरांवर तर दाब दुप्पट होतो, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट. म्हणजे पृष्ठभागापासून पहिल्या दहा मीटरांत दाब शंभर टक्क्यांनी वाढतो, पुढच्या दहांत पन्नास टक्क्यांनीच. पहिल्यांदा जाणाऱ्याला सहसा या पहिल्या दहा मीटरांतच नेतात. खोली कमी, म्हणून भीतीही कमी वाटते. पण दाबाची सगळ्यात मोठी उलथापालथ याच पट्ट्यात होते. शिकण्यासारखं जवळजवळ सगळं इथेच आहे.

पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असा सर्वांचा समज. त्यात साधीच हवा असते, दाबून भरलेली: सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने भरली की चोवीसशे लिटर हवा मावते. तोंडात धरायच्या झडपेला रेग्युलेटर म्हणतात. तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच तो हवा सोडतो, आणि ज्या खोलीवर तुम्ही असाल तिथल्या दाबाचीच सोडतो. हीच त्यातली करामत. छातीवर बाहेरून दुप्पट दाब असेल तर आत येणारी हवाही दुप्पट दाबाची, त्यामुळे श्वास सहज घेता येतो. मागणीनुसार हवा देणारा हा रेग्युलेटर १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी सिद्ध केला. त्याआधी पाणबुड्यांना बहुतेक वेळा वरून नळीने हवा पंप करावी लागे. रेग्युलेटरमुळे माणूस नळीच्या दाव्यातून सुटला.

दुप्पट दाबाची हवा म्हणजे दर श्वासाला दुप्पट हवा खर्च. निवांत माणसाला वर मिनिटाला वीसेक लिटर लागत असेल, तर दहा मीटरांवर चाळीस लागते. घाबरून धापा टाकल्या तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून प्रशिक्षक बोटीवर पहिली सूचना देतो ती सावकाश, लांब श्वास घेण्याची.

आता कान. गावच्या विहिरीत तळाचा दगड वर आणायची पैज ज्यांनी लावली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन-तीन मीटर खाली गेलं की कानात कळ येते. पडद्याच्या बाहेर पाणी दाबतं आणि आत मधल्या कानात वरचीच हवा असते, म्हणून पडदा आत ढकलला जातो. मधल्या कानातून घशाकडे एक बारीक नळी जाते. ती एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. ती मुद्दाम उघडायची. नाक चिमटीत धरा, तोंड मिटलेलं ठेवा आणि नाकातून हवा सोडत असल्यासारखा हळूच जोर द्या. कानात ‘पुट्’ असा आवाज येतो आणि कळ थांबते. आंबोली उतरताना दडे सोडवण्यासाठी आपण हेच करतो. फरक इतकाच की घाटात ते तासाभरात एक-दोनदा करावं लागतं, पाण्यात दर मीटरला, तेही कळ यायच्या आधी. कळ सुरू झाल्यावर नळी आणखी घट्ट मिटते. मग जोर लावणं म्हणजे पडद्याला इजा करून घेणं. अशा वेळी खूण करून मीटरभर वर यायचं, कान सोडवायचे आणि मगच पुन्हा खाली जायचं. सर्दी झालेली असेल तर ही नळी सुजलेली असते, कान सुटतच नाहीत. त्या दिवशी बुडी मारूच नये. औषधाची गोळी घेऊन उतरणं त्याहून वाईट, कारण गोळीचा असर खालीच ओसरला तर वर येताना हवा अडकते.

दुसरा नियम श्वासाचा, आणि यात चूक झाली तर ती जिवावर बेतते. विहिरीत बुडी मारताना आपण श्वास कोंडतो, ती सवय अंगात भिनलेली असते. स्कूबात श्वास कधीही कोंडायचा नाही. विहिरीत आपण वरची हवा घेऊन खाली जातो. ती खाली आकसते आणि वर येताना होती तेवढीच होते. सिलिंडरची हवा मात्र आपण खालीच, दाबाखाली छातीत भरून घेतो. दहा मीटरांवर भरलेली छाती तशीच कोंडून वर आलात तर ती हवा दुप्पट जागा मागते. छातीत तेवढी जागा नसते आणि फुप्फुस फाटू शकतं. त्यासाठी फार खोलीही लागत नाही, दीड-दोन मीटर पुरतात. घाबरून रेग्युलेटर थुंकून वर झेपावणं हाच पहिल्या बुडीतला खरा धोका. म्हणून मुखवट्यात पाणी शिरलं तर काय करायचं, रेग्युलेटर तोंडातून सुटला तर तो पुन्हा कसा धरायचा, हे उथळ पाण्यात उभं राहून आधी करून घ्यावं. हा सराव न घेता थेट खोल पाण्यात उतरवणाऱ्याकडे जाऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.

खाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. उभा अंगठा म्हणजे ‘वर चला’. पहिल्यांदा जाणारा खूश होऊन अंगठा दाखवतो आणि प्रशिक्षक त्याला वर घेऊन येतो, असं हमखास होतं. आडवा पंजा हलवला की काहीतरी बिघडलं आहे, आणि मग जिथे त्रास असेल तिथे बोट दाखवायचं.

मालवणच्या पाण्यात काय दिसतं? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक हीच इथल्या बुडीची जागा. ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली किल्ल्याची पायाभरणी केली, त्याचीच ही पाण्याखालची भावंडं. १९८७ पासून इथला काही भाग सागरी अभयारण्य आहे. खडकांवर प्रवाळ आहेत, त्यांच्या फटींतून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे घोळक्याने फिरतात. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं. चार-सहा मीटरांवरचं दिसलं तरी बरं म्हणायचं. त्यातल्या त्यात डिसेंबर ते फेब्रुवारी चांगले, पावसाळ्यात सगळं बंद. मुखवट्यातून मासा एक तृतीयांशाने मोठा दिसतो आणि जवळही भासतो, म्हणून हात पुढे केला की तो हुकतो. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाणी शोषून घेतं, त्यामुळे बोटाला खरचटलं तर रक्त हिरवट-काळपट दिसतं. फोटोसाठी काही ठिकाणी माशांना पाव घालतात, ते त्यांचं अन्न नव्हे. प्रवाळाला धरून उभं राहणंही तसंच वाईट. तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि वर्षभरात काही मिलिमीटरच वाढणाऱ्या जाती त्यात असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दाबाखाली घेतलेल्या हवेतला ऑक्सिजन शरीर वापरतं, नायट्रोजनचा त्याला उपयोग नाही. तो रक्तातून चरबीत, सांध्यांत, मज्जातंतूंत विरघळून मुरत राहतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. वर आल्यावर तो फुप्फुसांवाटे हळूहळू निघून जातो. पण दाब एकदम उतरला तर गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसं होतं: विरघळलेला वायू जागच्या जागी बुडबुडे धरतो. हे बुडबुडे सांध्यांत अडकले तर ठणका लागतो, मज्जारज्जूत अडकले तर हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, क्वचित पाय लुळे पडतात.

पाण्यातून वर आलो म्हणजे दाब उतरून संपला असं आपण धरतो. किनाऱ्यावरच्या माणसासाठी ते खरं आहे. आपण मात्र त्यानंतर गाडीत बसून आणखी साडेसातशे मीटर वर जातो आणि दाब आणखी आठ-नऊ टक्क्यांनी उतरवतो. पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कने विमानप्रवासाबद्दल शिफारस केली आहे: एक साधी बुडी असेल तर १२ तास, एकाहून जास्त बुड्या किंवा सलग काही दिवसांच्या बुड्या असतील तर १८ तास विमानात बसू नये. ही शिफारस २ हजार ते ८ हजार फूट उंचीइतक्या दाबासाठी आहे. २ हजार फूट म्हणजे सुमारे ६१० मीटर. आंबोली त्याच्या वर आहे, येळ्ळूर वर आहे, तिथला राजहंसगड तर आणखी वर. म्हणजे शरीराच्या हिशेबाने बेळगावच्या माणसाची घरवापसी हा छोटा विमानप्रवासच ठरतो.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. सहा-सात मीटरांवर पंधरा-वीस मिनिटांच्या एका बुडीत नायट्रोजन थोडाच मुरतो, त्रास होण्याची शक्यता फारच कमी. पण ज्यांनी दिवसात दोन-तीन बुड्या मारल्या, ज्यांनी १८ मीटरांपर्यंतचा ओपन वॉटर कोर्स केला, जे मुर्डेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाला जाऊन आले, त्यांनी त्याच दिवशी घाट चढणं सरळसरळ चूक आहे. उपाय खर्चाचाही नाही. शनिवारी सकाळी उतरा, दुपारी बुडी मारा, मुक्काम मालवणात, कुडाळात किंवा सावंतवाडीत करा. ही सगळी गावं खालीच आहेत. किल्ला रविवारी सकाळी पाहा आणि दुपारनंतर घाट चढा. चोवीस तास आपोआप होतात. त्या रात्री दारू टाळा, पाणी भरपूर प्या. आणि घाटात कुणाला सांधा ठणकू लागला, मुंग्या आल्या, विलक्षण थकवा वाटला, तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नका. गाडी खाली वळवा, १०८ला फोन करून ऑक्सिजन मागा आणि किती वाजता, किती खोल, किती वेळ बुडी मारली हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.

हाच हिशेब श्रीलंकेला जाताना फार कामी येतो. तिथे डोंगर आणि समुद्र चार-पाच तासांच्या अंतरावर आहेत. सकाळी किनाऱ्यावरच्या हिक्कडुवाला बुडी आणि संध्याकाळी १८६८ मीटरांवरच्या नुवरा एलियाला मुक्काम, हे गाडीला जमतं, शरीराला झेपेलच असं नाही. श्रीपाद शिखर तर २२४३ मीटर. तिथले यात्रेकरू सूर्योदय गाठायला रात्रभर पायऱ्या चढतात. म्हणून डोंगर आधी उरकावेत: सिगिरियाचा कडा, कँडी, श्रीपाद, नुवरा एलिया, एल्ला, हवं तर कितुलगलाला केलनी नदीत राफ्टिंग, आणि मग दक्षिण किनाऱ्यावर उतरावं. नोव्हेंबर ते एप्रिल हा किनारा शांत असतो. मे ते सप्टेंबर जाणार असाल तर पूर्वेकडे त्रिंकोमालीला जावं. तिथल्या पिजन आयलंडला नुसता मुखवटा आणि श्वास घ्यायची नळी लावून पृष्ठभागावर तरंगत प्रवाळ पाहिलेत, तर वरचीच हवा घेत असल्यामुळे नायट्रोजनचा प्रश्न उद्भवत नाही. दुसऱ्या दिवशी खुशाल डोंगर चढा. सिलिंडर लावून उतरलात तर मात्र परतीच्या विमानापासून मागे मोजायचं. कोलंबोहून सकाळी दहाचं विमान असेल, तर शेवटची बुडी आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत संपलेली हवी. त्याच दिवशी ती सकाळीच आटोपली, तर दुपारनंतर गॉलच्या डच तटावरून सावकाश फेरी मारायला वेळ मिळतो, आणि तो तट समुद्रसपाटीलाच आहे.