जुन्या गोठ्यात सुतारकामाचं वर्कशॉप

कोकणात गुरं कमी झाली आणि जांभ्याचे कौलारू गोठे रिकामे पडले. पाडू नका हो! रंधा, करवत, कामाचं टेबल मांडायला याहून सुंदर जागा नाही.

पण आधी भिंत बघा. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत पांढरी पूड सुटलेली दिसेल. हा लोणा. वर्षानुवर्षं मुरलेल्या गोमूत्रातून नायट्रेटचे क्षार तयार होतात, ओलीबरोबर वर चढतात आणि पाणी उडालं की स्फटिक होऊन गिलावा फोडतात. (पूर्वी बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा अशाच मातीतून काढत.) यावर सिमेंटचा गिलावा म्हणजे पैसे पाण्यात, कारण ओल आतच कोंडते. जुना गिलावा खरवडा, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवा, सुटलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडत राहा आणि मगच चुन्याचा गिलावा करा.

गोठ्याची जमीन मूत वाहून जावं म्हणून उतरती असते. मुरलेली माती उकरून काढा, जाड प्लास्टिक अंथरा, वर चार इंच काँक्रीट सपाटीत टाका. मशीन डुगडुगणार नाही.

खांबांचे बुंधे पेचकसाने टोचून बघा. आत सहज घुसला तर वाळवी किंवा कुज. उजेडासाठी उत्तरेकडच्या पाखीत काचेची कौलं बसवा, तिथून थेट ऊन कमी येतं. शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन चालवू नका. वेगळं मीटर घ्या, अर्थिंग नवं करा. आणि गव्हाण तेवढी राहू द्या, लांब फळ्या ठेवायला फार सोयीची पडते.