जीपगाडी दाराशी बांधण्यापूर्वी

भाताची मळणी आटोपली व हातात चार पैसे खेळू लागले, की आमच्या घाटमाथ्यावरील धर्मग्रामांतून एक प्रश्न हमखास कानी येतो: "फादर, जीप घेऊ का?" विचारणारा बहुधा पंचविशी-तिशीचा तरुण असतो, बेळगावात किंवा गोव्यात नोकरी करणारा, घरी आईवडील, आजी, पत्नी व शाळेत जाणारी एकदोन मुले असलेला. जीप या शब्दाने त्याला कोणतीही उंच, दणकट, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी अभिप्रेत असते; मग ती महिंद्रची थार असो, मारुतीची जिम्नी असो की फोर्सची गुरखा. प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. घर व जमीन सोडली, तर खेड्यातील कुटुंब आयुष्यात जी सर्वांत मोठी खरेदी करते ती बहुधा हीच. आणि तिचे हप्ते पुढे पाच-सात वर्षे सारे घर भरीत असते, एकटा चालविणारा नव्हे.

या गाडीचे कूळ प्रथम ध्यानात घ्यावे. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलक्या, चपळ व कोठेही शिरणाऱ्या मोटारीची निकड भासली. नमुना तयार करण्यास त्यांनी अवघे ४९ दिवस दिले व बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने तो २३ सप्टेंबर १९४० रोजी हजर केला. पुढे विलिस व फोर्ड या कंपन्यांनी महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन, वर कापडी छत, आणि दरवाजे मुळीच नाहीत. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडावयास आरंभ केला व ती आपल्या डोंगरदऱ्यांत सर्वपरिचित झाली. सांगावयाचे ते इतकेच, की ही गाडी वीस वर्षांच्या धडधाकट शिपायासाठी जन्मली. साठ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या मावशीसाठी नव्हे. आजच्या जीपगाड्यांना दरवाजे, काचा, थंड हवा व गाणी सारे काही आले. तरी मूळचा स्वभाव अद्याप पुष्कळसा तोच आहे.

त्या स्वभावाचे गुण खरे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. साधी मोटार एका पत्र्याच्या पेटीसारखी घडविलेली असते. जीपगाडी जाड लोखंडी चेसीवर उभी असते, म्हणून खड्डे व दगड ती निमूट सोसते. थारचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर आहे, जिम्नीचे २१०. त्यामुळे बैलगाडीच्या चाकोरीमधला उंचवटा त्यांना सहसा लागत नाही. आणि खरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या लहान दांड्याचा 'लो' गिअर. तो टाकला म्हणजे इंजिनाचा जोर कितीतरी पटींनी वाढतो व वेग माणसाच्या चालीवर येतो. चिखलात रुतलेली गाडी त्यानेच निघते; आणि निसरड्या उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता गाडी इंजिनाच्या आधाराने सावकाश खाली उतरते. ज्याला हा गिअर कधीही टाकावा लागणार नाही, त्याने तो विकत का घ्यावा?

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. २०२३ पासून थार केवळ मागील चाकांना जोर देणाऱ्या रूपातही मिळू लागली. दिसावयास तशीच, किंमत कमी. परंतु ज्या कारणासाठी उंच पायरी, कमी जागा व जास्त इंधन सोसावयाचे, ते कारणच त्यात उरत नाही. अशी गाडी घेणारा जीप घेत नाही, जीपचे चित्र घेतो.

चारही चाकांना जोर असला म्हणजे गाडी सुरक्षित, हा समज तर फारच पसरला आहे. तो जोर गाडी पुढे नेण्यास उपयोगी पडतो, थांबविण्यास नव्हे. ओल्या डांबरावर ब्रेक लावला असता थारही तितकीच घसरते जितकी शेजाऱ्याची लहान मोटार, आणि जड असल्यामुळे तिच्या धक्क्याने होणारी हानी मात्र अधिक. शिवाय उंच गाडीचा भार वर असतो. चोर्ला घाटाच्या वळणावर ती वेगाने वळविली तर बसक्या मोटारीपेक्षा लवकर कलंडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर या गाड्यांत चारही चाकांचा जोर जोडू नये, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. त्यांना एकत्र जखडले की यंत्रावर पीळ पडतो व गिअर आखडतात.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे प्रश्न पैशांचा नसून प्राणांचा आहे. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असे कंपनी सांगते. ते खोटे नाही. परंतु तो आकडा संथ पाण्याचा, सावकाश जाण्याचा व तळ ठाऊक असण्याचा आहे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला आषाढात फरशीवरून जे पाणी जाते ते संथ नसते. ते तांबडे, ओढ असलेले असते व खालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली हे वरून दिसत नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचा लोकांना इशारा आहे, की वेगाने वाहणारे एक फूट पाणी बहुतेक लहान मोटारी वाहून नेते आणि दोन फूट पाणी जीपसारख्या मोठ्या गाड्याही उचलते. दोन फूट म्हणजे ६०० मिलिमीटरच झाले. साध्या मोटारीचा मालक अशा वेळी अलीकडे थांबतो; जीपवाला जातो. भीती हीच मोठी राखण असते व ही गाडी ती भीती काढून घेते.

आता घरातील माणसांकडे वळू. शोरूममध्ये तरुण आपल्या मित्रांना घेऊन जातो. त्याने आजीला न्यावे. नऊवारी नेसलेल्या, काठी टेकणाऱ्या आजीला त्या पायरीवर चढता येते काय, हे तेथेच पाहावे. तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे बसावयाचे तर पुढचे आसन दुमडून आत शिरावे लागते. रविवारी मिस्साला जाताना हा प्रयोग प्रत्येक वेळी करावयाचा आहे. पाच दरवाजांची जिम्नी २०२३ साली आली, पण तीत माणसे चारच. २०२४ साली आलेल्या थार रॉक्समध्ये पाच जण बसतात, मागे स्वतंत्र दरवाजेही आहेत. ज्याचे कुटुंब मोठे व खिसाही मोठा त्याने तिचा विचार करावा. आणखी एक गोष्ट. उंच बॉनेटपुढे उभे असलेले लहान मूल चालकाच्या आसनावरून दिसत नाही. अंगणात मुले खेळत असतात, कोंबड्या धरण्यास धावतात. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारण्याची सवय हवी.

इंधनाचा हिशेब सोपा आहे, तरी तो कोणी मांडीत नाही. समजा, नोकरीस जाण्यायेण्यात महिन्याला १,००० किलोमीटर होतात. जड गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल व लहान मोटार १८, तर महिन्याला सुमारे २८ लिटरांचा फरक पडतो, वर्षाला ३३० लिटरांहून अधिक. टायर महाग, विमा महाग. हे सर्व जाऊन जे उरते त्यातून मुलीची कॉलेजची फी निघते की नाही, ते पतिपत्नींनी दोघांनी बसून, कागदावर लिहून पाहावे. एकट्या पतीने नव्हे.

गाडी घेतल्यावर ती सजविण्याचा सोस येतो. पुढे लोखंडी गार्ड, अवाढव्य टायर, डोळे दिपविणारे दिवे. पुढच्या गार्डवर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने बंदी घातली. त्यामुळे धक्का पायी चालणाऱ्याला अधिक लागतो व गाडीतील हवेच्या पिशव्यांच्या कामातही अडथळा येतो. चिखलाचे जाड खाचांचे टायर चिखलातच शोभतात. ओल्या डांबरावर ते उशिरा थांबतात व दिवसभर घुमत राहतात. १९ जून २००७ रोजी व्हॅटिकनने रस्त्यावरील धर्मसेवेविषयी एक पत्रक काढले व त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. पाचवी आज्ञा अशी की मोटार हे सत्ता व वर्चस्व गाजविण्याचे साधन होऊ नये. पत्रक निघाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची थोडी थट्टा केली. ज्यांनी आमच्या बाजारच्या दिवशीची वाहतूक पाहिली आहे ते करणार नाहीत.

मग जीप कोणी घ्यावी? ज्याने वर्षातील दिवस मोजले आहेत त्याने. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट जून ते सप्टेंबर चिखलात जात असेल, त्याच वाटेने रोज दूध, भाजी वा आजारी माणूस न्यावा लागत असेल, तर दणकट गाडी ही चैन नव्हे, ते शेतीचे अवजार होय. तेव्हा मात्र खरी चारचाकी जोराची, 'लो' गिअर असलेलीच घ्यावी, भले ती जुनी असो. आणि वर्षातून चार-सहाच दिवस वाट अडत असेल, तर साधी, जरा उंच मोटार घेऊन ते दिवस शेजाऱ्याच्या आधाराने काढावेत. वाडीतून रुग्ण बाहेर काढण्याचा प्रसंग येतो तेव्हा पुष्कळदा शेवटी कामास येतो तो ट्रॅक्टर, हे आपण सर्व जाणतोच.

दुर्गम भागात वाहन कशासाठी, याचे उत्तर एका धर्मगुरूने आचरणाने दिले. जर्मनीचे फादर पॉल शुल्टे पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांचे मित्र फादर ओटो फुरमान आफ्रिकेतील मिशनमध्ये, वैद्यकीय मदतीपासून दूर, १९२५ साली आजाराने मरण पावले. त्या दुःखातून शुल्टे यांनी १९२७ साली 'मिव्हा' ही संस्था काढली व तिच्याद्वारे जगभरच्या मिशनांना मोटारी, नावा व विमाने पुरविली जाऊ लागली. ज्याच्या दाराशी वाडीतील एकमेव जीप उभी आहे त्याच्याकडे रात्री दोन वाजता कोणी दार ठोठावले, तर किल्ली कोठे आहे हे घरातल्या सर्वांस ठाऊक असावे.

गाडी घेतलीच, तर पहिले तीन महिने ती शिकावी. 'लो' गिअर कसा व कोठे टाकावा, तो टाकताना गाडी उभी हवी की हळू चालती, हे त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते, ते वाचावे. मग एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागण्यापूर्वी, आपल्याच शेताच्या बांधावर, सोबत जाणता माणूस घेऊन चढउतार करून पाहावा. फावडे, दोरखंड व लाकडाच्या दोन फळ्या डिकीत असाव्यात. पत्नीलाही चालवावयास शिकवावे. पुरुष गोव्यात कामावर असतात तेव्हा घरी तीच असते.