सोबत हवी, सही नको

‘सोबत कोण आहे?’ हा दवाखान्यातला नेहमीचा प्रश्न. भूल दिलेल्या पेशंटला एकटीला रिक्षात बसवून घरी धाडता येत नाही, तेव्हा तो रास्तही आहे. गर्भपाताच्या वेळी मात्र त्याचा रोख अनेकदा ‘नवरा कुठे आहे, सही कोण करणार?’ याकडे वळतो. १९७१चा गर्भपात कायदा असे काहीच मागत नाही. १८ वर्षे पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. तरीही डॉक्टर कुटुंबाच्या संमतीसारख्या कायद्याबाहेरच्या अटी लावतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात नोंदवले. सोबत आलेल्या माणसाला परवानगी देणारा करून ठेवले, की त्याचे खरे काम बाजूला पडते.

आणि ते काम बरेचसे दवाखान्याबाहेरचे आहे. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो. पहिल्या गोळीनंतर ३६ ते ४८ तासांनी दुसरे औषध घ्यायचे, म्हणजे कळा आणि रक्तस्राव पुष्कळदा घरीच. चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर परतलेल्या बाईला त्या रात्री डॉक्टरांचा नंबर, वेळ पडली तर गाडी आणि लक्ष ठेवणारे कोणीतरी लागते. तासाला दोन मोठी पॅड भिजताहेत आणि हे सलग दोन तास चालले आहे, किंवा ताप उतरत नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही. एवढे लक्षात ठेवणारी, चूल आणि पाण्याचा हंडा दोन दिवस स्वतःकडे घेणारी आणि ‘का केलंस?’ असे न विचारणारी बाई सहीपेक्षा कितीतरी मोलाची.

उद्या नवरा भांडायला आला तर, ही डॉक्टरांची भीती खोटी नाही. पण त्यांचे संरक्षण स्त्रीच्या संमतीपत्रात आणि नीट भरलेल्या नोंदींत आहे, नवऱ्याच्या सहीत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सोबत आलेलेच जबरदस्ती करणारे असतील तर? २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. अशा जिल्ह्यात सासूची सोबत निरागसच असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून आधी बाईशी एकटीशी बोलायचे आणि सोबतीणीला मग आत घ्यायचे. या आकड्यावरून गर्भपातच अवघड करावा असे म्हणणारेही आहेत. त्यांची गल्लत होते. लिंगनिदान १९९४च्या वेगळ्या कायद्याने गुन्हा आहे, आणि सोनोग्राफीत लिंग साधारण १२ आठवड्यांआधी खात्रीने कळत नाही. गोळ्यांची मुदत त्याच्या बरीच आधी संपते.

राहिला गुप्ततेचा मुद्दा. स्त्रीचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पण हे कलम सोबत्याला लागू नाही. जिथे निम्मा गाव नात्यातला, तिथे बातमी फुटते ती बहुधा सोबत्याकडूनच. त्यामुळे आशाताई, बहीण, मैत्रीण की कोणीच नको, हे त्या बाईने ठरवायचे. १८ वर्षांखालील मुलीला पालकाची संमती लागते. मात्र कायद्याच्या व्याख्येत पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती, केवळ बाप नव्हे. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवावे लागले, तरी मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरला तिची ओळख सांगावी लागत नाही, हेही त्याच २०२२च्या निकालात आहे.