मन म्हणते 'हो', गणित काय म्हणते?

आढीतला आंबा नुसता हातात घेऊन आजी सांगते, "हा उद्या होईल, तो परवा." तिचा अंदाज क्वचितच चुकतो. याला आपण अंतःप्रेरणा म्हणतो, पण यात जादू नाही. हर्बर्ट सायमन या शास्त्रज्ञाच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणे. आजीने हजारो आंबे हाताळलेले असतात आणि प्रत्येक अंदाज बरोबर की चूक हे तिला दोन दिवसांत कळलेले असते. भरपूर अनुभव आणि चुकीची लवकर जाणीव, या दोन अटी पुऱ्या झाल्या तरच अंतःप्रेरणा भरवशाची होते.

जमीन घेऊन इमारती बांधणाऱ्या विकासकाच्या बाबतीत या अटी पुऱ्या होतात का? एक उदाहरण पाहू.

१९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. अशा पडत्या काळात, १९७७ मध्ये, टोरांटोच्या राइकमन बंधूंनी तेथील आठ कचेरी-इमारती सुमारे ३२ कोटी डॉलरना विकत घेतल्या. पुढे त्यांची किंमत अनेक पटींनी वाढली. १९८७ मध्ये याच बंधूंच्या कंपनीने लंडनच्या बंद पडलेल्या गोदीत 'कॅनरी वॉर्फ' हा प्रचंड प्रकल्प हाती घेतला.

तो यशस्वी होण्यासाठी तीन गोष्टी वेळेवर घडायला हव्या होत्या: भाडेकरू मिळणे, भुयारी रेल्वे तेथवर येणे आणि कर्जपुरवठा चालू राहणे. समजा, प्रत्येकीची शक्यता ८० टक्के होती. मन म्हणते, "तिन्ही बहुतेक होणार, म्हणजे प्रकल्पही बहुतेक होणार." पण या गोष्टी परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर तिन्ही घडण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२. म्हणजे जवळजवळ छापा-काटाच! प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या, म्हणून हे गणित ढोबळ आहे. पण मनाची गफलत कोठे होते ते त्यातून दिसते.

झाले काय? मंदी आली, जागा रिकाम्या राहिल्या आणि मे १९९२ मध्ये कंपनी कोसळली. भुयारी रेल्वे आली ती १९९९ मध्ये. नंतर मात्र हा भाग लंडनचे मोठे व्यापारी केंद्र झाला. म्हणजे जागेचा अंदाज बरोबर होता, चुकला तो वेळेचा. आणि कर्जाचे व्याज कोणासाठी थांबत नाही.

असे प्रकल्प आयुष्यात मोजकेच वाट्याला येतात आणि त्यांचा निकाल दहा-दहा वर्षांनी लागतो. आंब्याची पारख येते तशी त्यांची येणार कशी? एका यशात कौशल्य किती आणि नशीब किती, हेही सांगता येत नाही.

म्हणून अंतःप्रेरणा टाकून द्यावी असे नाही. तिने सुचवावे आणि विश्लेषणाने तपासावे. अर्धवट बांधलेल्या इमारतीत आयुष्यभराची पुंजी घालण्यापूर्वी आपणही कागद घ्यावा. काय काय घडावे लागेल ते लिहावे, शक्यतांचा गुणाकार करावा, तशाच इतर इमारती किती वर्षांत पुऱ्या झाल्या ते विचारावे. मनाचा कौल त्यानंतर घ्यावा. हा गुणाकार वर्गातही करून पाहण्यासारखा आहे. मात्र विद्यार्थ्यांना उत्तराचा अंदाज आधी लिहायला सांगावा!