गहू धुतल्याने जे जात नाही

डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांच्या डोक्यावरचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले. आधी खाज, मग केस राठ आणि तीन-चार दिवसांत टक्कल! जानेवारी २०२५ पर्यंत अठरा गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाला. त्यात शिकणाऱ्या तरुण मुलीही होत्या. लाजेपोटी अनेकांनी सरळ मुंडण करून घेतले.

वडनेर भोलजीहून ही गावे लांब नाहीत. तोच पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आणि घराघरांत तेच रेशनचे धान्य. म्हणून प्रश्न प्रत्येकाच्या चुलीपर्यंत आला. कोणी म्हणाले विषाणू आला, कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. पण अफवेने रोग कळत नाही. पाणी, रक्त, केस, धान्य यांत काय काय मिसळले आहे ते ओळखावे लागते, एकेक घटक वेगळा काढून मोजावा लागतो. हे काम कसे चालते ते आपण समजून घेऊ. त्यातले बरेचसे आपल्या आयाबहिणींना आधीच येते.

स्वयंपाकघरातले शास्त्र

सुपात धान्य पाखडताना हलका कोंडा पुढे उडतो, जड दाणा मागे राहतो. इथे वजनाचा फरक कामी येतो. चाळणीत पीठ खाली पडते, कोंडा वर राहतो, तो आकाराचा फरक. रवीने ताक घुसळले की लोणी वर येते, कारण ते पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात.

नियम एकच. दोन पदार्थांत कुठला तरी फरक असला की त्या फरकाला धरून ते वेगळे करता येतात. फरक सापडला नाही तर सूप, चाळणी, तुरटी सारेच हात टेकतात.

खाऱ्या पाण्याचे काय?

खारपाणपट्ट्यातले पाणी दिसायला काचेसारखे असते, पण त्यात मीठ, सोडा, चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. विरघळलेला क्षार फडक्याने गाळून निघत नाही, तुरटीनेही तळाशी बसत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. शेतातले खत आणि गावातली घाण झिरपून ते विहिरी-बोअरमध्ये उतरते. केसगळतीच्या गावांतही आधी पाणीच तपासले गेले आणि त्यात नायट्रेट जास्त आढळले. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी वाफ होऊन आटते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण वाढते. असे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात घातले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, बाळ निळे पडू शकते. हे क्षार काढायला पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करावी लागते, नाहीतर दाब देऊन पाणी अतिबारीक पडद्यातून ढकलावे लागते.

लोणारचे जुने कसब

आपल्याच जिल्ह्यात हे कसब शेकडो वर्षे चालले. लोणारच्या तळ्याचे पाणी खारे आणि सोड्याचे. उन्हाने पाणी आटले की काठावर क्षार जमायचा. तो गोळा करणारे लोक स्फटिकाचे रूप पाहून त्याचे प्रकार करायचे. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावे होती. प्रत्येकात सोडा आणि मीठ यांचे प्रमाण वेगळे, त्याप्रमाणे उपयोगही वेगळा. काच आणि साबण यांसाठी लागणारा माल इथे मिळतो, याची दखल अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’तही आहे. प्रयोगशाळा नव्हती, पण घटक ओळखण्याची नजर होती. आता ते तळे संरक्षित असून २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

गव्हातला पाहुणा

पाण्यातल्या नायट्रेटने एवढे टक्कल पडत नाही. म्हणून शोध पुढे चालला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथक गावांत आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतः तपास केला. विंचूदंशावरील संशोधनासाठी नावाजलेले हे डॉक्टर. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि लोक खात होते तो रेशनचा गहू तपासून घेतला. सर्वांत एकच घटक वाजवीपेक्षा फार जास्त निघाला, तो म्हणजे सेलेनियम. गव्हात तो किलोला १४.५२ मिलिग्रॅम होता. हा गहू पंजाबकडून आल्याचे त्यांनी सांगितले. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे पूर्वीपासून माहीत आहे.

सेलेनियम शरीराला लागते, पण चिमटीच्या हजाराव्या हिश्शाएवढे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरे, ४०० च्या वर धोका. आता हिशेब करा. वरच्या प्रमाणाचा ३०० ग्रॅम गहू रोज खाल्ला तर पोटात सुमारे ४३५० मायक्रोग्रॅम जाते, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या दहापटीहून अधिक. जास्त सेलेनियमने केस गळतात, नखे बिघडतात. एप्रिल २०२५ मध्ये त्या गावांत नखे गळण्याच्या तक्रारीही आल्या.

मग गहू धुतला तर? माती जाईल, फवारणीचा थोडा अंश जाईल, सेलेनियम राहील. सेलेनियम आणि गंधक स्वभावाने इतके सारखे की गव्हाचे रोपटेही फसते आणि गंधकाच्या जागी सेलेनियम घेऊन दाण्याच्या प्रथिनात गुंफते. खडा गव्हात मिसळलेला असतो, म्हणून निवडता येतो. हे मात्र दाण्याचाच भाग झालेले असते. म्हणून प्रयोगशाळेत दाणा आम्लात पूर्ण विरघळवतात, तो द्रव हजारो अंश तापलेल्या झोतात सोडतात आणि सुटे झालेले अणू त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळे करून मोजतात. हे आपले पाखडणेच आहे, फक्त अणूंचे.

घरात आणि गावात काय करावे?

पाण्याचे : ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीची पेटी असते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ती वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावच्या त्या पाच कोण, ते विचारा. ‘पाणी चांगले आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. कोणता घटक, किती निघाला आणि मर्यादा किती, या तिन्ही गोष्टी कागदावर मागा.

धान्याचे : एकाच वेळी अनेक घरांत केस-नखांचा त्रास दिसला तर त्या धान्यातले ओंजळभर स्वच्छ पिशवीत बांधून ठेवा. वर तारीख आणि दुकान लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा. नमुना नसेल तर तपासणार काय? गव्हासोबत आपल्या भागातली ज्वारी खात राहिल्यास एकाच धान्यातला दोष पोटात कमी जातो. केस गळतात म्हणून मनानेच शक्तीच्या गोळ्या घेऊ नका. अनेक गोळ्यांत सेलेनियमच असते.

मुलांसाठी : पांढऱ्या खडूच्या तळापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ मारा. बशीत थोडे पाणी घेऊन खडू उभा करा, रेघ पाण्याबाहेर राहू द्या. पाणी खडूतून वर चढेल आणि बहुतेक पेनांच्या काळ्या रंगातून निळा, लाल, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतील. जो रंग पाण्यासोबत सहज जातो तो वर, जो खडूला धरून राहतो तो खाली. रक्त, औषधे, दूध तपासणारी मोठी यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

रेशनचे धान्य गरिबाचा हक्क आहे. ते मिळावे, तसेच ते खाण्याजोगे असावे. त्याची तपासणी गावात पोत्याचे तोंड सुटण्याआधी व्हायला हवी, डोक्यावरचे केस गेल्यावर नव्हे. ग्रामसभेत हा प्रश्न प्रथम विचारावा तो घरात दाणा निवडणाऱ्या बाईने. मिसळलेले वेगळे कसे करायचे, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक आहे?