झेब्र्याचे पट्टे आणि गोठ्यातील गोमाशी

परभणी जिल्ह्यात जनावराची पारख करताना शेतकरी प्रथम रंगाकडे पाहतो. सर्वांग तांबडे असेल तर लाल कंधारी. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असतील तर देवणीतील शेवरा. अंग पांढरे पण तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा. आणि अंगावर एकही डाग नसेल तर बाळंक्या. परंतु हे सर्व रंग केसांचे होत. केस बाजूस सारून खालची कातडी पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

केसांचा रंग आणि कातडीचा रंग या दोन भिन्न गोष्टी आहेत. याचे उत्तम उदाहरण म्हणजे आफ्रिकेतील झेब्रा. घोडा व गाढव यांच्या कुळातील या प्राण्याचे केस भादरले, तर काळ्या व पांढऱ्या, दोन्ही पट्ट्यांखाली कातडी काळसरच आढळते. केसांना रंग देणाऱ्या पेशी काळ्या पट्ट्यांत रंगद्रव्य पुरवितात, पांढऱ्या पट्ट्यांत पुरवीत नाहीत. म्हणजे पांढरा पट्टा हा वरून चढविलेला रंग नसून रोखून धरलेला रंग होय.

ही आखणी गर्भातच होते. १९७७ साली बार्ड या जीवशास्त्रज्ञाने असे मांडले की, प्रारंभी पट्ट्यांमधील अंतर सर्व जातींत सुमारे ०.४ मिलिमीटर असते. मैदानी झेब्र्यात आखणी गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात, तर ग्रेव्ही झेब्र्यात पाचव्या आठवड्यात होते. तोवर गर्भ मोठा झालेला असल्याने त्यावर अधिक पट्टे मावतात. म्हणूनच पहिल्याच्या अंगावर सुमारे २६, तर दुसऱ्याच्या अंगावर सुमारे ८० पट्टे असतात.

हे पट्टे कशासाठी? सिंहाची नजर चुकविण्यासाठी, अंग थंड राखण्यासाठी, अशी उत्तरे पूर्वी दिली गेली. सर्वांत भक्कम पुरावा मात्र रक्त पिणाऱ्या माशांविषयीचा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घोड्यांना काळ्या, पांढऱ्या आणि पट्टेरी झुली घालण्यात आल्या. गोमाश्या सर्वांजवळ आल्या. पण पट्टेरी झुलीजवळ येताना त्यांना वेग आवरता आला नाही. त्या पुढे निघून गेल्या किंवा अंगावर आदळून उडाल्या.

त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगविण्यात आले, तेव्हा त्यांवर बसणाऱ्या चावऱ्या माशा सुमारे निम्म्याने घटल्या. काळ्या गाईवर काळ्याच रंगाचे पट्टे ओढले असता असा लाभ झाला नाही. म्हणजे गुण रंगाच्या वासाचा नव्हता.

गोदावरी, दुधना व पूर्णेच्या काठच्या गावांत पावसाळ्यात गोमाशीचा जाच किती असतो, हे सांगावयास नको. जनावर पाय आपटते, शेपटी झाडीत राहते, धड चरत नाही आणि दूध आटते. शिवाय गोमाशीच्या दंशातून सर्रा रोगाचे जंतू एका जनावरातून दुसऱ्यात जातात.

तथापि, ही हकीकत ऐकून कोणी म्हशीवर घरातील तैलरंग ओढू नये. जनावर अंग चाटते, आणि शिसे असलेला रंग पोटात गेल्यास ते दगावू शकते. चुन्याच्या निवळीनेही कातडी पोळते. जपानमधील रंग पाण्यात कालवावयाचा होता आणि थोड्याच दिवसांत निघून जाई. पोळ्याच्या गेरूच्या ठिपक्यांनाही हा न्याय लावता येणार नाही. प्रयोग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता.

खाटेवरच्या जुन्या सुती चादरीवर पट्टे शिवून तिची झूल करावी, एवढे मात्र ग्रामसेवकास एखाद्या हौशी पशुपालकाकडून करवून पाहता येईल. दोन सारख्या काळ्या म्हशी एकाच ठिकाणी बांधाव्यात, एकीवर पट्टेरी झूल व दुसरीवर काळी झूल घालावी, आणि ठराविक वेळ माशा मोजाव्यात. दुसऱ्या दिवशी झुली बदलाव्यात. मोजणी चालू असतानाही गोठ्यातील ओले शेण व कुजका कडबा रोज काढून खड्ड्यात टाकावा व वर मातीचा थर द्यावा. कारण तबेल्यातील चावरी माशी तेथेच अंडी घालते.